गाण्यांत राहिलेले शब्द

स्पॅनिश भाषेतले पहिले दोन-तीनशे शब्द मी गाण्यांतून उचलले. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कोकणाच्या इतिहासात थोडेबहुत डोके घालणाऱ्याला पोर्तुगीज टाळता येत नाही. आणि १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे असल्यामुळे गोव्याचे गाऱ्हाणे शेवटी स्पेनच्या दरबारापर्यंत जाऊन पोचत असे. तेव्हा पोर्तुगीजच्या मागोमाग स्पॅनिशही करावी लागली. पण या दोघी बहिणी इतक्या सारख्या चेहऱ्याच्या, की एकीची ओळख असलेल्याला दुसरी सोपी जाण्याऐवजी अवघडच जाते. वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते, आणि बोलायला तोंड उघडले की पहिलीच बाहेर पडते. शब्दांच्या याद्या पाठ करून हा गोंधळ निस्तरत नाही. यादीतला शब्द एकटा असतो. त्याला ना मागचा ना पुढचा. गाण्यातला शब्द मात्र आपल्या जागी खिळलेला असतो. त्याची लांबी सुराने ठरवलेली, त्याचा स्वर यमकाने बांधलेला. तो हलवायला गेले तर गाणेच मोडते.

मराठी माणूस स्पॅनिशच्या दारात अगदीच रिकाम्या हाताने येतो असेही नाही. चावी, मेज, पगार, पाव, बालदी, बिजागरी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, आणि त्यांचे स्पॅनिश भाऊबंद ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत: ल्याबे, मेसा, पागार, पान, बाल्दे, बिसाग्रा. त्यांतल्या चावीने मला एक युक्ती शिकवली. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या आरंभी जिथे हा 'च' येतो तिथे स्पॅनिशमध्ये पुष्कळदा 'ल्य' येतो. चावीची ल्याबे होते, पावसाची ल्यूब्या, आणि रडणे म्हणजे ल्योरार. स्पॅनिश गाण्यांत रडण्याला तोटा नाही, त्यामुळे हा नियम मला पुन्हा कधी उजळावा लागला नाही. गंमत अशी की चावीतला हा 'च' खुद्द पोर्तुगालच्या राजधानीत आज ऐकू येत नाही. लिस्बनचा माणूस तिथे 'श' म्हणतो. सोळाव्या शतकातला जो उच्चार गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला तो इथल्या कुलपांना चिकटून राहिला, आणि घरच्या माणसांनी तो पुढे टाकून दिला. परदेशी गेलेल्या शब्दाने जुना चेहरा सांभाळावा आणि घरी राहिलेल्याने बदलावा, ही रीत पुढेही भेटणार आहे, म्हणून ती इथेच सांगून ठेवते.

मी ज्याच्यावर खऱ्या अर्थाने बसले ते गाणे म्हणजे खाएनच्या तीन मुसलमान मुलींचे. खाएन हा दक्षिण स्पेनचा प्रांत. आजही त्या देशात ऑलिव्हचे तेल सर्वांत अधिक निघते ते तिथेच. गाणे पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या राजवाड्यातल्या एका हस्तलिखित संग्रहात स्वरलेखनासह मिळाले, आणि फ्रान्सिस्को आसेन्खो बार्बिएरी या संगीतकाराने तो संग्रह १८९० मध्ये छापला. पुढे फेदेरीको गार्सिया लोर्काने ते उचलले. १९३१ मध्ये त्याने ला आर्खेन्तिनिता या नर्तकी-गायिकेकडून दहा जुनी लोकगीते ध्वनिमुद्रिकांवर गाऊन घेतली. पियानोवर तो स्वतः बसला होता. कवीची बोटे प्रत्यक्ष ऐकायला मिळावीत असे भाग्य सहसा लाभत नाही. तबकडीची खरखर मोठी आहे, पण शब्द स्वच्छ आहेत.

गाण्यात घडते ते इतकेच: तीन मुली फळे तोडायला जातात, आणि पाहतात तो झाडे आधीच कोणी उतरवून नेलेली. त्या फिक्या चेहऱ्याने परत येतात. मुलींची नावे आशा, फातिमा आणि मारिएन. पहिले नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतात. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार 'श' होता. तेव्हा ही आशा म्हणजे आयेशा. आजचे स्पॅनिश गायक तिला 'आक्सा' करून टाकतात.

आता शब्द पाहा. रोजच्या कास्तिलियन बोलण्यात ऑलिव्हच्या फळाला आसेइतूना म्हणतात. हा अरबी शब्द. आपल्या ओळखीच्या जैतूनचेच रूप. तेल ते आसेइते, तेही अरबी. झाड मात्र ओलीबो, लॅटिन. मुळे रोमनांची आणि घाणी अरबांची असा हा प्रकार आहे. पण गाण्यातल्या या मुसलमान मुली जे तोडायला जातात ते आसेइतूना नव्हे, ओलीबा. असे का? आधीच्या ओळीत मुलींचे वर्णन 'गार्रीदा' या विशेषणाने केले आहे, आणि पुढच्या ओळीत फळे 'कोखीदा', म्हणजे तोडलेली, आहेत. ई आणि आ या स्वरांची ही साखळी आहे. तिच्यात आसेइतूनाला जागा नाही. अरबी वंशाच्या मुलींच्या हाती यमकाने लॅटिन फळ दिले. आणि 'गार्रीदा'? देखणी, ठसठशीत असा त्याचा अर्थ. आज हा शब्द बाजारात कोणी वापरत नाही. त्याच्या जागी दुसरा सोपा शब्द घालायला कोणाची हरकत नव्हती, पण ते स्वर असलेला दुसरा शब्द मिळायला हवा होता. ओळीच्या मध्यावर असता तर तो केव्हाच गेला असता. ओळीच्या शेवटी होता म्हणून पाचशे वर्षे टिकला. माझ्या वहीत मी तेव्हापासून प्रत्येक शब्दापुढे तो ओळीत कुठे बसला आहे हेही लिहू लागले. शेवटी बसलेल्यांचे वय सहसा जास्त निघते.

'तोडणे' यासाठी याच गाण्यात 'कोखेर' हे क्रियापद येते. स्पेनमध्ये ते निरुपद्रवी आहे. फळ तोडायला आणि गाडी पकडायला तेच चालते. मेक्सिको आणि अर्जेंटिना इथे मात्र चारचौघांत ते उच्चारू नये. गाणे अशी सूचना देत नाही.

त्या गाण्याच्या दुसऱ्या एका पाठात मुलींना विचारले जाते, तुम्ही कोण. त्यांचे उत्तर असे की आम्ही खाएनमध्ये मुसलमान होतो, आता ख्रिस्ती आहोत. खाएन ख्रिस्ती राजाने घेतले १२४६ मध्ये. कास्तिलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग असा पर्याय ठेवला गेला १५०२ मध्ये. आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांनाही १६०९ पासून पुढच्या पाच वर्षांत देशाबाहेर घालवले गेले. मुलींची ती दोन क्रियापदे, 'होतो' आणि 'आहोत', एवढ्या काळाच्या मधोमध उभी आहेत. अपूर्ण भूतकाळ शिकवायला याहून चांगले उदाहरण माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात नव्हते.

जुनी कथागीते, ज्यांना स्पॅनिशमध्ये रोमान्स म्हणतात, त्यांच्यावरच विसंबले तर मात्र विद्यार्थ्याची शब्दसंपत्ती फार विचित्र होते. भाला, ढाल, ससाणा, तळघरातली कोठडी, सरदाराची विधवा हे सगळे येते आणि चमचा येत नाही. त्यावर उतारा म्हणजे मुलांची गाणी. पांप्लोना गावचा सान फेर्मीनचा उत्सव सात जुलैला असतो. तिथल्या एका गाण्यात एक ते सात हे आकडे आणि जानेवारी ते जुलै हे महिने जोडीजोडीने पायऱ्या चढत उत्सवाच्या दिवशी येऊन थांबतात. सात आकडे आणि सात महिने एका दमात पाठ! (ऑगस्टपासून पुढचे महिने मात्र ज्याचे त्याने पाहावे.) मेक्सिकोतली मुले फेर धरून जे गाणे म्हणतात त्यात नारिंग आणि लिंबू भेटतात. नारान्खा हे आपले नारिंगच; संस्कृतातून फारसी, फारसीतून अरबी आणि तिथून स्पेन असा त्याचा प्रवास. त्याच वाटेने साखर गेली आणि आसूकार झाली, नीळ गेली आणि आन्यील झाली, चतुरंग गेला आणि आखेद्रेस झाला. पण ही वंशावळ आपण किती गिरवायची? मुलाला फेरात नारिंग गोड लागले की झाले.

आता १४९२ या सालाकडे यायला हवे. त्या सालाशिवाय स्पॅनिश भाषेतल्या गाण्याची गोष्ट सांगता येत नाही.

त्या वर्षी ३१ मार्च रोजी ग्रानादाला राणी इसाबेला आणि राजा फेर्नान्दो यांनी हुकूम काढला की यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा किंवा जुलैअखेर देश सोडावा. तीन ऑगस्टला कोलंबसाची जहाजे निघाली, हे शाळेत सर्वांनी वाचले आहे. आणि अठरा ऑगस्टला सालामांका इथे आन्तोनियो दे नेब्रिखा या पंडिताने कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापून पुरे केले. लॅटिनहून निघालेल्या लोकभाषेचे युरोपात छापले गेलेले हे पहिले व्याकरण. प्रस्तावना राणीला उद्देशून आहे, आणि भाषा ही नेहमीच साम्राज्याच्या सोबतीने चालते असे तिच्यात म्हटले आहे. जिंकलेल्या लोकांना आपले कायदे कळायला आपली भाषा शिकवावी लागेल, असाही युक्तिवाद तिच्यात येतो. ग्रंथाचे पाच भाग आहेत आणि पाचवा खास परकीयांसाठी आहे. म्हणजे स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याचे पहिले पाठ्यपुस्तक तेच. ते ज्या महिन्यात बाहेर आले, त्याच्या अगदी तोंडावर ही भाषा जन्मापासून बोलणारी हजारो कुटुंबे देशाबाहेर हाकलली गेली होती.

नेब्रिखा कोरडा वैयाकरण नव्हता. छंदांची चर्चा करताना त्याने रस्त्यावर म्हटली जाणारी कथागीते उदाहरणाला घेतली, आणि गाणारे लोक शब्दाच्या शेवटी एक जादा 'ए' लावतात हेही टिपून ठेवले. काळीज म्हणजे कोरासोन. गाताना त्याचे कोरासोने होते. आवाज म्हणजे सोन, त्याचे सोने. (मराठी डोळ्यांना इथे उगीच सोने दिसते.) कारण त्याने असे दिले आहे की ओळीचा शेवट गाणाऱ्याला अपुरा वाटतो आणि तो भरून काढायला ही मात्रा लागते. हे वाचले तेव्हा कोशात न सापडलेल्या कितीतरी शब्दांचा मला उलगडा झाला. कोशात ते नसणारच. ते बोलण्यातले नव्हते, गळ्यातले होते.

देशाबाहेर गेलेल्यांतले पुष्कळजण आधी शेजारच्या पोर्तुगालात गेले. तिथे १४९७ मध्ये त्यांना सक्तीने बाटवले गेले, आणि त्यानंतर पूर्वजांची गाणी मोठ्याने म्हणण्याची सोय राहिली नाही. त्यांतल्याच एका स्पॅनिश जोडप्याचा मुलगा गार्सिया द ऑर्ता. १५३४ मध्ये तो वैद्य म्हणून गोव्यास आला, आणि १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात आपल्याकडच्या औषधी वनस्पतींची आणि फळांची देशी नावे जागोजाग आहेत. तो वारल्यावर त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. त्या घरात कोणती गाणी म्हटली जात होती याचा एक अक्षरही पुरावा नाही.

जे पूर्वेकडे गेले त्यांची गोष्ट वेगळी. तुर्की सुलतान बायझीद दुसरा याने त्यांना आसरा दिला. सालोनिका, इस्तंबूल, इझमीर, र्‍होड्स, सारायेवो या गावांतून त्यांच्या वसाहती झाल्या; दुसरी एक शाखा मोरोक्कोत, तेतुआन आणि तांजीर इथे स्थिरावली. हिब्रूत स्पेनला सेफाराद म्हणतात, त्यावरून हे सेफार्दी. नेब्रिखाचे व्याकरण त्यांच्याजवळ नव्हते, दरबार नव्हता, विद्यापीठ नव्हते. आपण जशी मराठी मोडीत लिहीत होतो तशी ते आपली स्पॅनिश हिब्रू लिपीत लिहीत. पुरुषांची प्रार्थना हिब्रूत चाले. पाळण्याची, लग्नातली आणि मयताची गाणी बायकांकडे होती, आणि ती स्पॅनिशमध्ये होती. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुरुषांच्या हिब्रू स्तोत्रांतही ही गाणी मागच्या दाराने शिरली, ती हकीकत मोठी मजेदार आहे. जुन्या मराठी संगीत नाटकाचे पुस्तक उघडले की प्रत्येक पदावर कंसात 'चाल' म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी लोकप्रिय पदाचे पहिले शब्द छापलेले असतात. अगदी तसेच इझ्रायल नाजारा या कवीने केले. १५८७ मध्ये साफेद इथे छापलेल्या त्याच्या स्तोत्रसंग्रहात तुर्की, अरबी आणि स्पॅनिश गाण्यांच्या चाली नावानिशी दिल्या आहेत. काही कवी तर याहून पुढे गेले. स्पॅनिश गाणे 'सेन्योरा', म्हणजे बाईसाहेब, या शब्दाने सुरू होत असेल तर हिब्रू स्तोत्र 'शेम नोरा', म्हणजे धाक वाटावा असे नाव, या शब्दांनी सुरू करायचे. कानाला तेच, अर्थ देवाचा. त्या काळच्या एका सोवळ्या पंडिताने यावर सणसणीत टीका केली आहे. त्याच्या टीकेचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. आपला फायदा मात्र झाला: जी स्पॅनिश गाणी पुढे समूळ नाहीशी झाली त्यांचे निदान पहिले चार शब्द या हिब्रू पोथ्यांत चाल म्हणून शिल्लक आहेत.

या लोकांच्या स्पॅनिशची गोडी कशात आहे ते सांगते. स्पेनमध्ये सतराव्या शतकापर्यंत तो जुना 'श' घशात उतरला आणि 'ख' झाला. साबण तेव्हा शाबोन होता, आज खाबोन आहे. पक्षी आज पाखारो आहे. सालोनिकाच्या गाण्यात तो पाशारो. देवाला स्पॅनिशमध्ये दिओस म्हणतात. सेफार्दी म्हणतात दिओ, कारण शेवटच्या 'स' मुळे ते अनेकवचन वाटते आणि देव तर एक. आणि रविवार! स्पॅनिशमध्ये तो दोमिंगो, म्हणजे प्रभूचा वार. तो प्रभू या लोकांचा नव्हे. म्हणून त्यांनी स्पेनमध्येच अरबी शेजाऱ्यांकडून घेतलेला 'आल्हाद' हा शब्द ठेवला. त्याचा अर्थ नुसता पहिला दिवस. आठवड्यातले बाकीचे वार लॅटिन वळणाचे, शनिवार हिब्रूचा आणि रविवार अरबी: सात दिवसांत तीन धर्मांचे स्पेन. पुढे तुर्की शब्दही मिसळले. पैशाला पारा, पाहुण्याला मुसाफिर. आपला मुसाफिर वाटेवर असतो. त्यांच्याकडे तो घरात येऊन बसला.

बातमीही गाण्यातून जात होती. १४९७ मध्ये रोममध्ये गान्दियाच्या ड्यूकचा खून झाला आणि प्रेत तैबर नदीत सापडले. हद्दपारीनंतर पाच वर्षांनी घडलेल्या या घटनेचे गाणे टिकून राहिले ते पूर्वेकडच्या सेफार्दी बायकांच्या तोंडी.

त्याच १४९७ च्या ऑक्टोबरात फेर्नान्दो-इसाबेलाचा एकुलता एक मुलगा दोन खुआन सालामांकात वारला. लग्न होऊन सहाच महिने झाले होते. आता मधली चारशे वर्षे ओलांडून १९०० च्या मे महिन्यात येऊ. रामोन मेनेन्देस पिदाल हा तरुण भाषापंडित आणि त्याची विदुषी पत्नी मारिया गोयरी नुकतेच लग्न करून फिरायला निघाले होते. मधुचंद्रासाठी त्यांनी निवडलेली वाट म्हणजे एल सिद या मध्ययुगीन वीराच्या वनवासाची वाट! २८ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, ते पाहायला ती दोघे ओस्माला थांबली. तिथे एका धोबिणीशी मारियाबाई बोलत बसल्या आणि त्यांनी एक जुने कथागीत म्हणून दाखवले. धोबीण म्हणाली, अशी मलाही पुष्कळ येतात. तिने एक सुरू केले. राजपुत्र आजारी आहे, वैद्य जमले आहेत, त्यांत दे ला पार्रा नावाचा एक आहे... ऐकता ऐकता मारियाबाईंच्या ध्यानात आले की हा दोन खुआनचा मृत्यू आहे, आणि हे गाणे कुठल्याही छापील संग्रहात नाही. दे ला पार्रा हा दरबारचा खराखुरा वैद्य होता. तोवर विद्वानांची समजूत अशी होती की कास्तिलमध्ये जुनी कथागीते तोंडी उरलेलीच नाहीत. ती समजूत एका धोबिणीने त्या दिवशी धुऊन टाकली. नवरा-बायकोने पुढचे सबंध आयुष्य ही गाणी जमवण्यात घालवले. शोधाचे श्रेय पुष्कळदा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लिहिले जाते. कान मारियाबाईंचा होता.

परदेशातल्या स्पॅनिशचा शोध स्पेनला याच सुमारास लागला. १९०३ मध्ये आन्खेल पुलीदो या डॉक्टर-सिनेटरला डॅन्यूब नदीवरच्या बोटीत एक वृद्ध जोडपे भेटले. ते बोलत होते ती त्याचीच भाषा, पण पणजीच्या पेटीतून काढल्यासारखी. त्याने १९०५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर १९११ मध्ये मान्रिके दे लारा हा संगीत जाणणारा लष्करी अधिकारी सारायेवो, सालोनिका, इझमीर अशी गावे फिरला आणि शेकडो गाणी शब्द-सुरांसह उतरवून घेऊन आला.

या गाण्यांभोवती थोडे धुकेही जमले आहे. सेफार्दी गाणे म्हटले की ते पाचशे वर्षांचे आणि थेट तोलेदोहून आलेले असे तबकड्यांच्या वेष्टनांवर सर्रास छापतात. आज सर्वांत जास्त गायल्या जाणाऱ्या विरहगीताची चाल वेर्दीच्या १८५३ च्या 'ला त्राव्हियाता' मधल्या एका गाण्याशी विलक्षण जुळते, हे संगीताचे अभ्यासक केव्हाचे सांगत आले आहेत. सालोनिकातल्या मुली ऑपेरा ऐकत, तुर्की कॉफीघरातली गाणी ऐकत, आणि आवडले ते उचलत. मला यात काही उणे वाटत नाही. शब्द जुने ठेवणारी माणसे जिवंत होती, एवढेच यावरून दिसते.

सालोनिकाच्या बंदराचे काम एके काळी शनिवारी बंद असे, कारण हमाल यहुदी होते. १९४३ च्या मार्चच्या मध्यावर तिथून पहिली आगगाडी ऑश्वित्झला निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६,००० माणसे नेली गेली; परत आलेल्यांची संख्या दोन हजारही नव्हती. सारायेवोचे आणि र्‍होड्सचेही तेच झाले. राजपुत्राला, ड्यूकला, पाशारोला आणि आल्हादला सांभाळणाऱ्या आज्या त्या गाड्यांत होत्या.

सुटलेल्यांत फ्लोरी यागोदा ही एक. जन्म १९२३ चा, सारायेवोचा. गाणी शिकली ती डोंगरातल्या व्लासेनित्सा गावच्या आजीकडून. १९४१ मध्ये खोट्या नावाने आगगाडीत बसून ती स्प्लितला पळाली. वाटभर ती अकॉर्डियन वाजवीत होती, डबा गात होता, आणि तिकीट-कागद कोणी विचारले नाहीत. व्लासेनित्साला मागे राहिलेले तिचे जवळजवळ सगळे गणगोत मारले गेले. ती पुढे अमेरिकेत गेली आणि २०२१ मध्ये वारली. कित्येक वर्षे तिने ही गाणी म्हटली नव्हती. म्हणू लागली तेव्हा नवीही रचू लागली. एक आहे चावीवर. सेफार्दी घराण्यांत स्पेनमधल्या घराची चावी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते अशी कथा आहे. खरी की खोटी कोण जाणे, पण गाण्यात ती चावी आहे, आणि तिचे नाव यावे. दुसरे, १९८३ मधले, आठ दिव्यांवर. आपली दिवाळी उलटून काही आठवडे झाले की यहुद्यांचा हनुक्काचा सण येतो; आठ रात्री, रोज एक दिवा अधिक. गाण्यात ते दिवे एकापासून आठांपर्यंत मोजले जातात. दिव्याला शब्द आहे कान्देलीका. हा 'ईका' म्हणजे आपल्या चिमुकलीतली 'कली'. कास्तिलियनमध्ये तिथे सहसा 'ईता' लावतात. आज जगभर पुष्कळ मुलांना आकडे या भाषेत येतात ते या गाण्यामुळे. त्यांतल्या बहुतेकांना त्यापलीकडे तिच्यातले काही येत नाही, हेही खरे.

स्पेनने २०१५ मध्ये कायदा केला की हाकलल्या गेलेल्या सेफार्दींच्या वंशजांना नागरिकत्व द्यावे. अर्ज घेण्याची मुदत १ ऑक्टोबर २०१९ पर्यंत होती, आणि एक लाखाहून अधिक अर्ज आले. वंशज असल्याचे जे पुरावे कायद्याने मान्य केले, त्यांत घरात ही जुनी स्पॅनिश बोलली जाते हा एक होता. मात्र त्याशिवाय आजच्या स्पॅनिशची प्राथमिक परीक्षाही द्यावी लागे. जे अर्जदार मुळात स्पॅनिशभाषक देशांचे नागरिक होते त्यांना ती माफ होती, आणि सत्तरीच्या पुढच्यांनाही. इस्तंबूलच्या किंवा इझमीरच्या चाळीस वर्षांच्या नातीला माफी नव्हती. आजीची भाषा तिने पुरावा म्हणून एका टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्या टेबलावर बसून उत्तरे लिहायची. तिथे रविवारला दोमिंगो म्हणावे लागते.